पायरीपासून पानापर्यंत



ज्या व्याख्यानमालेत अर्थकारण, परराष्ट्रधोरण आणि संतवाङ्मय यांवर बोलले जाते, तेथे कोणी उठून 'बाहेर जेवावयास जाणे' हा विषय घ्यावा, हे आपल्यापैकी काहींना पोरकट वाटले असेल. ('उठून' हा शब्द आमच्या बाबतीत अलंकारिक समजावा.) आम्ही गेली २२ वर्षे चाकांच्या खुर्चीत आहोत. त्यांतील ९ वर्षे शिकागोस गेली. भूक लागली असता चार माणसांसारखे समोरच्या दाराने आत जावे, बसावे, खावे, पैसे द्यावे आणि निघावे, एवढ्या साध्या गोष्टीच्या पोटात किती गोष्टी असतात, हे तेथील एका भोजनगृहाच्या निमित्ताने सांगावे असा विचार आहे.

हे भोजनगृह आमच्या घरापासून तीन-चार चौकांवर होते. पाटीवर 'मेडिटरेनियन' असे लिहिलेले. हा शब्द मोठा सोयीचा! ज्या पदार्थांच्या मालकीवरून लेबनॉन, सीरिया, तुर्कस्तान आणि ग्रीस येथील माणसे घटकाभर भांडतील, ते सारे अमेरिकेत या एका पाटीखाली सुखाने नांदतात. मालक मूळचे बैरूतचे. काबुली चणे शिजवून, तिळाच्या वाटणात लिंबू-लसूण घालून घोटलेला हुमुस, भाजलेल्या वांग्याचे बाबागनूश, म्हणजे आपल्या भरिताचे मिरची न खाणारे भावंड, चक्क्यासारखे लबने, आणि हे सर्व पिटा नावाच्या रोटीचा तुकडा मोडून, त्याने टिपून खावयाचे. पिठलेभाकरीवर वाढलेल्या माणसाला त्यात परके वाटावे असे थोडेच आहे.

मात्र तेथे प्रत्येकाचे ताट वेगळे नसते. लहान लहान ताटल्या टेबलाच्या मधोमध मांडतात आणि सर्वांनी मिळून त्यांतून घ्यावयाचे. या रीतीला मेझे म्हणतात. आता टेबलाखाली आमचे गुडघे गेले तर हात ताटलीपर्यंत पोचतो. न गेले तर माणूस पंगतीत असून पंगतीबाहेर. टेबलाला मध्यभागी एकच खांब आणि खाली पसरट लोखंडी बैठक असली की खुर्चीची पावले ठेवण्याची पट्टी तिच्यावर आपटते, आपण वीतभर मागे राहतो आणि हुमुस वाटेतच सदऱ्यावर उतरतो. अमेरिकन नियमांनी याचेही माप घालून दिले आहे. टेबलाची वरची बाजू जमिनीपासून २८ ते ३४ इंचांवर असावी; खाली गुडघ्यांसाठी किमान २७ इंच उंची आणि ३० इंच रुंदी मोकळी असावी. ज्या कोणी हे २७ इंच मोजून लिहिले, त्याला जेवणाचे मर्म कळले होते असे आम्ही समजतो.

पण टेबल पुढचे, आधी दार. दाराशी एकच पायरी होती, ६ इंचांची. चालणाऱ्याला ती होती हेही आठवणार नाही. आम्हांस मात्र ती भिंतच. नियम असा की, १ इंच चढावयाचे तर १२ इंच लांबीचा उतार हवा. म्हणजे ६ इंचांना ६ फूट. शिवाय दार उघडताना खुर्ची मागे घरंगळू नये म्हणून दारापुढे सपाट जागा. पदपथ नगरपालिकेचा, तेव्हा उतार आत घ्यावयाचा. तो घेतला तर तीन टेबले जातात, आणि लहान धंद्यात तीन टेबले म्हणजे घरभाडे!

त्यामुळे पहिली दोन वर्षे आम्ही मागच्या गल्लीतून, स्वयंपाकघरातून जात होतो. आधी दूरध्वनी करावयाचा, मग कोणी कडी काढीपर्यंत हिमात थांबावयाचे, मग कांद्याच्या पोत्यांमधून वाट काढावयाची. आचाऱ्याशी दोस्ती झाली हे खरे. काही मित्रांना या प्रवेशाचे कौतुकही वाटे. कौतुक करणारे अर्थात पुढच्या दाराने येत. अखेरीस मालकांनी एके दिवशी कागदी रुमालावर हिशेब मांडला. असे अडथळे काढणाऱ्या लहान धंद्यांना तेथे खर्चाच्या निम्मी, वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत, करात सूट मिळते. ती धरूनही तोटाच दिसत होता. तरी त्यांनी उतार केला. "आमच्या गावी पाहुण्याला चुलीजवळून आत आणत नाहीत," इतकेच ते म्हणाले.

प्रसाधनगृहाची कथा निराळी. ते मापाने चांगले ऐसपैस, भिंतीला धरावयास दांडेही. परंतु रिकामी जागा दिसली की माणसाला काहीतरी ठेवावेसे वाटते. तेथे झाडू, बादल्या आणि लहान मुलांच्या उंच खुर्च्या रचून ठेवीत. परिणामी आम्ही निघण्याच्या दोन तास आधीपासून पाणी बंद करीत असू, आणि त्या घरचे मसुराचे सार, जे फार चांगले असे, ते आमच्यापुरते वर्ज्य होते. वाढप्यांना हे सांगण्यास बराच काळ गेला, कारण ते आमच्याशी बोलतच नसत. "यांना काय हवे?" असे आमच्या पत्नीस विचारीत. ती शांतपणे यादीवर नजर ठेवून, "त्यांनाच विचारा," म्हणे. बादल्या हलल्या त्या दिवशी सार मागवले. दोन वाट्या घेतल्या.

हे नियम सरकारने आपण होऊन वाढले नाहीत. १९७३ मध्ये कायद्यात एक कलम आले, पण त्याचे नियम सहीवाचून पडून राहिले. १९७७ च्या एप्रिलात सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंग स्त्रीपुरुष तीन आठवड्यांहून अधिक ठाण मांडून बसले. त्यांना गरम जेवण पोचवणारे होते ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णी कार्यकर्ते! महिना संपण्यापूर्वी सही झाली. पुढे १२ मार्च १९९० रोजी काहींनी वॉशिंग्टनला संसदभवनापाशी खुर्च्या सोडल्या आणि पायऱ्या सरपटत चढल्या. त्याच वर्षी २६ जुलैस उपाहारगृहांनाही लागू होणारा कायदा झाला.

आता आपल्याकडचे. आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. २०१६ चा आहे. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा त्याखालचा नियम सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष करण्यास सांगितले. परंतु आपल्याकडे कायद्याच्याही आधी माणसे धावतात. "काळजी करू नका, आम्ही उचलून घेतो!" आणि खरोखरच चौघे उचलतात. त्यांचे प्रेम खोटे नाही. मात्र ते हाताच्या आधाराला धरून उचलतात, आणि पुष्कळ खुर्च्यांत तो आधार सुटा असतो, हे तो त्यांच्या हातात आल्यावर कळते. विजेच्या खुर्चीचे वजन तर १०० किलोच्या वर जाऊ शकते. शिवाय ज्याला उचलून आत नेले, त्याला बाहेरही कोणी न्यावे लागते. जेवताना वाद झाला, राग आला, तर भरल्या ताटावरून उठून जाण्याचा जो अधिकार आपल्यापैकी प्रत्येकाने घरात केव्हातरी बजावला आहे, तो या पाहुण्याला नाही. त्याने हसत बसावयाचे, आणि चौघे मोकळे झाले की आभार मानून निघावयाचे.

येथील दुकानांची जोती पावसाच्या पाण्यामुळे उंच, हे आम्ही जाणतो. तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच, म्हणजे १८ फूट उतार. एवढी सरळ जागा पेठेत कोणाकडे आहे? तो भिंतीच्या कडेने वळवून घेता येतो. वळणावर ५ फूट सपाट जागा सोडावी. तेही न जमले तर निदान खालच्या पायरीशी, बसल्या माणसाच्या हाताला येईल अशी, एक घंटा बसवावी, आणि ती वाजली की कोणीतरी यादी घेऊन खाली यावे.