शांततेचे आवाहन प्रथम आपल्याच माणसांना

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मुस्लिम शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर कॅथलिक धर्मगुरूंच्या शांतताकार्याची चर्चा कशासाठी? उत्तर सोपे आहे. अंधेरी, मरोळ, बोरिवली, मुलुंड या उपनगरांत कॅथलिक समाज आपला शेजारी आहे. मुंबईचे माजी आर्चबिशप कार्डिनल सायमन पिमेंटा हे तर याच मरोळ गावात 1920 साली जन्मले. आपली कितीतरी मुले त्या समाजाच्या शाळांत शिकून मोठी झाली. शेजाऱ्याच्या घरातले भांडण आपल्याला लगेच ऐकू येते. मग त्याच्या घरी घडलेली चांगली गोष्ट आपल्या कानावर का येऊ नये?

प्रश्न असा आहे : एकाच भूमीची माणसे जेव्हा एकमेकांच्या जिवावर उठतात, तेव्हा धर्मगुरूने काय करावे? 'शांतता राखा' असे सांगणे सोपे आहे. पण ते कोणाला सांगायचे, येथे खरी कसोटी लागते. समोरच्याला शांततेचा उपदेश करणारे पुष्कळ असतात. आपल्याच संतप्त माणसांना आवरणारे विरळा.

3 मे 2023 रोजी मणिपुरात मैतेई आणि कुकी-झो या समाजांत हिंसाचार उसळला. मैतेईंना अनुसूचित जमातीचा दर्जा देण्याच्या मागणीविरुद्ध निघालेल्या मोर्च्याचे निमित्त झाले. मुळात जमीन, नोकऱ्या आणि सत्ता यांतील वाट्याचा तो जुना तंटा होता. पुढच्या काळात 250 हून अधिक माणसे प्राणास मुकली आणि सुमारे 60,000 लोक बेघर झाले. तेथील पंगल मुसलमानांचे क्वाक्ता हे गाव दोन्ही बाजूंच्या मध्ये सापडले. मैतेई बहुसंख्येने हिंदू आणि कुकी बहुतेक ख्रिस्ती, म्हणून हा हिंदू-ख्रिस्ती लढा आहे, असे देशभर बोलले जाऊ लागले.

अशा वेळी दोन धर्मगुरूंनी तोंड उघडले. इम्फाळचे आर्चबिशप डॉमिनिक लुमोन यांनी जून 2023 मध्ये पत्र लिहून झालेली हानी जगापुढे मांडली. पहिल्या 36 तासांतच मैतेई ख्रिस्ती लोकांची 249 प्रार्थनास्थळे उद्ध्वस्त झाली, असे त्यांनी नमूद केले आणि शासनाला सवालही केले. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी आपल्या संदेशात निराळ्या बाजूवर भर दिला. या झगड्याचे मूळ धर्मात नसून दोन जमातींच्या वैरात आहे, त्याला धार्मिक वळण लागले आहे, चर्च पडले तशी देवळेही पडली आहेत, तेव्हा परिस्थिती अधिक चिघळेल असे काही करू नका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

या बोलण्यावर त्यांच्याच समाजातून टीका झाली. आमच्या जखमा झाकल्या जात आहेत, असे अनेकांना वाटले. ही टीका झिडकारण्यासारखी नाही. ज्याचे घर जळाले, त्याला 'दोन्हीकडचे जळाले' हे वाक्य कोरडे लागते. पण विचार करा. मुंबईत लाखो कॅथलिक राहतात. त्यांच्या मनातला संताप इथल्या गल्लीतल्या निरपराध शेजाऱ्यावर निघू नये, ही काळजी मुंबईच्या धर्मगुरूने घ्यायची नाही, तर कोणी घ्यायची? माझे मत असे, की लुमोन यांचे पत्र आणि ग्रेशियस यांचे आवाहन ही एकाच कामाची दोन अंगे आहेत. झालेला अन्याय आकड्यानिशी सांगावा आणि त्याचा सूड नको, हेही सांगावे. पहिले सोडले तर शांतता पोकळ ठरते. दुसरे सोडले तर सत्याचेच हत्यार होते.

केवळ आवाहनाने मात्र काम भागत नाही. 1996 साली आसामच्या कोक्राझार भागात बोडो आणि आदिवासी समाजांत भयंकर हिंसा झाली व लाखो लोक छावण्यांत गेले. गुवाहाटीचे आर्चबिशप थॉमस मेनाम्परम्पिल यांनी निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या लोकांना एकत्र केले आणि प्रथम अन्न, औषधे, डॉक्टर यांची सोय केली. मदतीतून विश्वास आला, तेव्हाच बोलणी सुरू झाली. पुढे मणिपुरात कुकी आणि पाइते लढले, तेव्हाही ते मध्ये पडले. ही दोन्ही माणसे ख्रिस्तीच होती, हे ध्यानात ठेवा. भांडायला वेगळा धर्म लागतोच असे नाही.

आता जरा दूरच्या मुलुखात जाऊ. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात 2013 च्या मार्चमध्ये 'सेलेका' नावाच्या बंडखोरांनी सत्ता घेतली. त्यांत मुसलमानांचा भरणा होता व त्यांनी ख्रिस्ती वस्त्यांवर अत्याचार केले. त्याचा सूड म्हणून 'अँटी-बालाका' टोळ्या मुसलमानांवर तुटून पडल्या. डिसेंबर 2013 मध्ये राजधानी बांगीत रक्ताचे पाट वाहू लागले, तेव्हा आर्चबिशप दिउदोने न्झापालैंगा यांनी मुस्लिम नेते इमाम ओमर कोबीन लायामा यांना कुटुंबासह आपल्या निवासस्थानी ठेवून घेतले. इमामसाहेब तेथे अनेक महिने राहिले. हे दोघे आणि एक प्रोटेस्टंट धर्मगुरू मिळून गावोगाव जात. आर्चबिशप ख्रिस्ती तरुणांना बजावीत, इमाम मुस्लिम तरुणांना बजावीत. इस्लामी इतिहास वाचणाऱ्या मुलांना येथे हबशाच्या नज्जाशी राजाची आठवण होईल. मक्केतून छळामुळे निघालेल्या पहिल्या मुसलमानांना त्या ख्रिस्ती राजाने आसरा दिला होता. जवळजवळ चौदाशे वर्षांनी त्याच खंडात तसेच एक दार उघडले.

आणि आपली मुंबई? डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 या दोन महिन्यांत या शहरात सुमारे 900 माणसे मारली गेली. त्यांत सर्वाधिक मुसलमान होते. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने 1998 साली अहवाल दिला. तो प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने वाचावा. जोगेश्वरीने त्या दिवसांत काय भोगले, हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. दंगलीनंतर माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, समाजसेविका सुशोभा बर्वे आणि त्या वेळचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या प्रयत्नांतून मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. एक कॅथलिक आणि दोन बिगर-मुस्लिम माणसे आपल्या वस्त्यांत येऊन बसली, हे आपण विसरू नये. पोलीस आणि वस्ती यांची ओळख दंगलीच्या दिवशी नव्हे, तर आधी असावी, हा त्यातला मर्म होता.

पालकहो, आपण काही आर्चबिशप नाही आणि इमामही नाही. पण घरातल्या मुलांपुरते आपण प्रत्येकजण धर्मगुरूच आहोत. जेवताना शेजारच्या समाजाविषयी जो शब्द आपण सहज बोलतो, तोच मूल शाळेत घेऊन जाते. अन्यायाच्या कथा मुलांना जरूर सांगा, पण त्या वेळी ज्याने दार उघडले त्याचेही नाव सांगा. नाहीतर मुलाला अर्धाच इतिहास कळेल.

विद्यार्थी मित्रहो, पूर्वी अफवा पायी चालत येई. आज ती तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये क्षणात येते. दुसऱ्या समाजाने काय केले याचा संदेश आला, की तो पुढे धाडण्यापूर्वी थांबा, विचारा, खात्री करा. आणि आपल्याच मित्राने चुकीचे काही पाठविले तर त्याला प्रथम टोका. यासाठी धैर्य लागते. परक्याला टोकण्यात टाळ्या मिळतात. आपल्याला टोकण्यात शिव्या मिळतात. ग्रेशियस यांना टीका मिळाली, न्झापालैंगा यांनी तर जीव धोक्यात घातला.

या संस्थेतून डॉक्टर, इंजिनीयर, शिक्षक तयार होतील, यात शंका नाही. पण उद्या कधी पुन्हा वातावरण तापले, तर आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून आपल्याच माणसांना 'थांबा' म्हणणारा एकजरी विद्यार्थी येथून निघाला, तरी या संस्थेने घेतलेले कष्ट सार्थकी लागले, असे मी समजेन.