लोखंडाशी मैत्री
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



दहावीनंतर मी साताऱ्याहून सांगलीला गेलो आणि तिथलाच झालो. नोकरी सांभाळून संध्याकाळी मुलामुलींना पॉवरलिफ्टिंग शिकवतो. "म्हणजे बॉडीबिल्डिंग ना रे?" असं सकाळपासून चौघांनी विचारलं, म्हणून त्यावरच बोलतो.

बॉडीबिल्डिंगमध्ये शरीर दाखवायचं असतं. आमचं आरशावाचून अडत नाही. वेटलिफ्टिंगही वेगळं. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आमच्या सांगलीच्या संकेत सरगरने 55 किलो गटात रौप्यपदक मिळवलं, ते वेटलिफ्टिंग. त्यात बार डोक्यावर न्यावा लागतो. संकेतने 113 आणि 135 असे 248 किलो उचलले. सुवर्ण एका किलोने हुकलं. कोपर दुखावलेलं असताना तो तिसऱ्या प्रयत्नालाही उभा राहिला.

पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार. स्क्वॉट म्हणजे खांद्यावर बार घेऊन पूर्ण बैठक. बेंच प्रेस म्हणजे बाकावर उताणं झोपून बार छातीवर टेकवायचा, स्थिर ठेवायचा आणि पंचांनी सांगितल्यावर वर ढकलायचा. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहायचं. प्रत्येकाला तीन संधी, आणि तिन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज. तीन पंचांपैकी दोघांचा दिवा पांढरा लागला तरच उचल मान्य. एका प्रकारात तिन्ही प्रयत्न फसले, तर बेरीजच होत नाही.

आपला जिल्हा खाशाबा जाधवांचा. तालमीत जोर-बैठका शेकड्यांनी मारायची आपली रीत. आमच्याकडे उलटं: पाच-पाच वेळाच उचलायचं, पण जड, आणि मध्ये तीन ते पाच मिनिटं बसायचं. नवख्याच्या हाती आधी वीस किलोचा रिकामा बार. ढब बसली की अडीच-अडीच किलो वाढवायचे. काही आठवड्यांनी मुद्दाम वजन उतरवायचं, कारण ताकद विश्रांतीत भरते.

पुढे वाढ मंदावते. नेमकं तेव्हाच कुणीतरी पोराच्या कानात इंजेक्शनचं सांगतं. अशा वेळी घरातलं कुणी विचारणारं असेल तर पोरगं वाचतं. मुलगा व्यायामाला जातो एवढ्यावर समाधान मानू नका. काय खातो, काय घेतो, तेही विचारा.

मुलींचं वेगळंच. "सर, लग्नाला अडचण नाही ना येणार?" असं आया विचारतात. भरलेला गॅस सिलिंडर तीसेक किलोचा असतो. तो बाई सरकवते तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही. मग बारनेच काय घोडं मारलंय?

आपणही पन्नाशी ओलांडली. या वयात स्नायू झिजतात आणि जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. डॉक्टरांना विचारा आणि हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठण्यापासून सुरुवात करा. हाच आपला स्क्वॉट.

शेवटी एक सूचना. शाळेला काय भेट द्यायची, यावर सकाळपासून चर्चा चालली आहे. भिंतीवरच्या घड्याळाऐवजी एक बार, थोड्या प्लेटा आणि एक भक्कम स्टँड देऊ या. वापरायला मुलं आणि मुली दोघंही. बार मी आणतो, आणि महिन्यातले दोन रविवार शिकवायलाही येतो. बाकीचं तुम्ही बघा.