अकरा हजार डॉलरची गाडी नेमकी पडते कितीला?

आज एका गाडीचा हिशोब सांगतो. गंमत म्हणजे ती गाडी मी घेतलीच नाही.

मी भिवंडीजवळच्या राहनाळचा. घराबाहेर पडलं की गोदामं आणि ट्रकांच्या रांगा. चाकांची आम्हाला कधी कमी नव्हती. बीटेक केलं, नोकरी लागली आणि २०२४ मध्ये कंपनीनं न्यू जर्सीला पाठवलं. तिथं पहिल्याच आठवड्यात कळलं, की मी राहतो तिथून दूध आणायलासुद्धा गाडी लागते.

एक वापरलेली टोयोटा कोरोला बघितली. किंमत ११,००० डॉलर. जुलै महिना, गूगलवर डॉलर साधारण ८३ रुपये ५० पैसे. म्हणजे ९ लाख १८ हजार ५०० रुपये. माझ्याकडे तेवढे डॉलर नव्हते. कर्ज घ्यायचं तर तिथं माझा क्रेडिट स्कोअरच नाही, त्यामुळे व्याज चढं. बाबांना फोनवर सहज बोललो, तर ते म्हणाले, "एफडी मोडतो. पुढे बर्फ पडेल, चालत फिरणार आहेस का?"

बाबा गोदामात हिशोब लिहितात. ती एफडी त्यांची वीस वर्षांची बचत. म्हटलं, थांबा, आधी आपणही हिशोब लिहू.

पहिली गोष्ट, गूगलवरचा दर आपल्याला मिळतच नाही. बँकेनं ८५ रुपये २० पैसे सांगितले. फरक फक्त १ रुपया ७० पैशांचा, पण ११,००० डॉलरवर झाले १८,७०० रुपये. हे कुठल्याही पावतीवर "शुल्क" म्हणून दिसत नाहीत, दरातच मुरलेले असतात.

दुसरी, चलन बदलण्यावरचा जीएसटी. तो पूर्ण रकमेवर नसतो, टप्प्यांनी काढलेल्या छोट्या हिश्शावर असतो. आमच्या बाबतीत साधारण ९३३ रुपये. चालेल.

तिसरी गोष्ट जड. टीसीएस! तेव्हा नियम असा, की आर्थिक वर्षात ७ लाखांच्या वर परदेशी पाठवलं, तर वरच्या रकमेवर २० टक्के कापायचे. (१ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख झाली.) आमचे कापले जाणार होते ४७,४४० रुपये. हा खर्च नाही बरं का. रिटर्न भरल्यावर करात वळते होतात किंवा परत मिळतात. पण तोवर अडकले ना!

म्हणजे गाडी दारात यायच्या आधीच बाबांच्या खात्यातून जाणार ९ लाख ८५ हजार ५७३. मुदतीआधी एफडी मोडल्याचा दंड वेगळा. वर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर, म्हणजे आणखी ७२९ डॉलर. आणि विमा सक्तीचा. मला महिना १८० डॉलर सांगितला होता.

बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते गप्प. मग म्हणाले, "तरी पाठवतो." मी म्हटलं, "नको बाबा." चार महिने ऑफिसमधल्या एका मित्राच्या गाडीतून गेलो, पेट्रोलचे पैसे वाटून. नोव्हेंबरमध्ये ५,८०० डॉलरची जुनी गाडी घेतली, माझ्याच पगारातून. डॉलर कमावले, डॉलर दिले. चलन बदलण्याचा खर्च शून्य.

आता कुणी म्हणेल, डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० च्या वर गेला. तेव्हा बाबांचे पैसे घेऊन नंतर डॉलर परत पाठवले असते, तर फायदाच होता. खरंय. पण जुलैमध्ये हे कुणाला माहीत होतं? बाबांच्या वीस वर्षांच्या बचतीवर मी डॉलरची पैज लावणार नव्हतो.

म्हणून तुम्ही बाहेर जाणार असाल, तर घरून पैसे मागवण्याआधी दोनच गोष्टी करा. बँकेला विचारा, "माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?" आणि गाडीवाल्याला विचारा, "कर, नोंदणी धरून चावी हातात येईपर्यंत किती?" विम्याचा आकडा स्वतः काढा. जाहिरातीतल्या किमतीला ८३ नं गुणून घरी फोन करू नका. मी केला होता.

परवा बाबांना गाडी व्हिडिओ कॉलवर दाखवली. दारावरचा ओरखडा बघून म्हणाले, "जुनी आहे रे." मग हळूच, "पण हिशोब जुळला."