वाक्य कुणाचं, ऐकलं कुणी?

(आमच्या वाचन-गटाच्या बैठकीत झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज प्रत्येकीने रहस्यकथेतलं किंवा 'वेस्टर्न'मधलं, म्हणजे अमेरिकेतल्या घोडे-बंदुका-माळरानाच्या कथेतलं, मनात राहिलेलं एक वाक्य सांगायचं ठरलं आहे. 'चळवळीच्या बैठकीत हे कशाला?' असं काहीजणींच्या मनात आलं असेल. बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथा वाचलेल्या इथे अनेकजणी असतील. अशी पुस्तकं करमणूक म्हणून वाचली जातात, म्हणूनच त्यांतली वाक्यं सहज तोंडी बसतात आणि बाई-पुरुषांविषयीच्या कल्पना न विचारता घरात शिरतात. तेव्हा वाक्य आवडलं एवढ्यावर थांबू नये. तीन प्रश्न विचारावेत. ते कोण बोलतं? ऐकून कोण घेतं? आणि त्या वेळी गप्प कोण असतं?

माझं वाक्य सुझन ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेच्या कथेतलं आहे. आयोवा राज्यात 1900 च्या डिसेंबरात जॉन हॉसॅक नावाच्या शेतकऱ्याचा रात्री अंथरुणातच कुऱ्हाडीने खून झाला आणि आरोप आला बायकोवर, मार्गारेटवर. ग्लास्पेल तेव्हा तरुण वार्ताहर होती, खटल्याच्या बातम्या तीच पाठवत होती. 1901 मध्ये मार्गारेटला दोषी ठरवलं गेलं, वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि 1903 मध्ये फेरखटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. खून कुणी केला ते कधीच सिद्ध झालं नाही. ग्लास्पेलच्या मनातून मात्र ते घर गेलं नाही. त्यावर तिने 1916 मध्ये एक एकांकिका आणि 1917 मध्ये एक कथा लिहिली.

कथेत नवऱ्याचा गळा दोरीने आवळलेला आहे, बायको तुरुंगात आहे. शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारी पुरावा शोधायला येतात. बरोबर दोघी बायका आहेत, तुरुंगातल्या बाईचे कपडे न्यायला आलेल्या. पुरुष स्वयंपाकघरावरून नजर फिरवतात, इथे काय असणार म्हणतात, आणि माडीवर जातात. थंडीने फुटलेल्या मुरंब्याच्या बरण्यांची त्या बाईला काळजी वाटते, हे कळल्यावर शेजारी म्हणतो की क्षुल्लक गोष्टींची चिंता करायची बायकांना सवयच असते. मी सांगते आहे तो आशय, शब्द नव्हेत. हेच माझं वाक्य.

कारण त्या क्षुल्लक गोष्टीतच सगळं आहे. टेबल अर्धवट पुसलेलं. गोधडीच्या एका तुकड्यावर टाके एकाएकी वेडेवाकडे झालेले. पिंजऱ्याचं दार मोडलेलं. आणि शिवणाच्या पेटीत रेशमी कापडात जपून ठेवलेला, मान मुरगळलेला पक्षी. दोघी एकमेकींकडे बघतात. त्या घरातलं एकटेपण त्यांना कळतं, कारण तसे दिवस त्यांनीही काढलेले आहेत. एक वेडे टाके उसवून पुन्हा नीट घालते. पक्षी पुरुषांच्या हाती लागत नाही.

त्यांनी केलं ते बरोबर का? यावर आपण भांडू शकतो, भांडावंच. पण कथेच्या नावातच 'तिच्या बरोबरीच्यांची ज्युरी' आहे, आणि त्या काळी आयोवात बायकांना ज्युरीत बसता येत नव्हतं, हे विसरून भांडू नये.

वेस्टर्नमध्ये तर बोलणं पुरुषाचं, तेही कमी, आणि निकाल बंदुकीचा. 'चिप ऑफ द फ्लाइंग यू' ही 1906 ची गाजलेली कादंबरी बर्था बॉवरने लिहिली, पण वर फक्त बी. एम. बॉवर छापलं. अनेक वाचकांना लेखक पुरुषच वाटला. उलट चार्ल्स पोर्टिस या पुरुषाने 1968 मध्ये 'ट्रू ग्रिट' लिहिली आणि सगळी गोष्ट मॅटी रॉसच्या तोंडी दिली. बापाचा खून झाला तेव्हा मॅटी चौदा वर्षांची. घोड्यांच्या व्यापाऱ्याशी ती हिशेबाने आणि वकिलाच्या धाकाने असा सौदा करते की तो मुलगी म्हणून तिला उडवून लावू शकत नाही. आणि सांगते म्हातारपणी, एक हात गमावलेली, अविवाहित, बँक चालवणारी बाई. या गोष्टीतली मनात राहणारी वाक्यं सुटतात ती तिच्या फटकळपणामुळे. मात्र तिसरा प्रश्न इथेही विचारायचा. त्या मुलखाचे मूळ रहिवासी बहुतेक वेस्टर्नमध्ये एक तर शत्रू असतात, नाही तर मुके.

हे सगळं आपल्या कामाचं कसं? 'स्टोव्हचा भडका उडाला' हे एकच वाक्य पोलिसांच्या कागदांत किती सुनांच्या नावापुढे लिहिलं गेलं, ते आपल्याला ठाऊक आहे. ते वाक्य कुणी सांगितलं? कुणी लिहून घेतलं? शेजारीण तेव्हा कुठे उभी होती, आणि तिला कुणी विचारलं का? जबाब वाचताना विचारायचे हे प्रश्न कथा वाचताना अंगवळणी पडले तर बरंच आहे.

आता आपापली वाक्यं सांगा. पण कुणाचं, कुणासमोर, तेही सांगा. आणि त्या प्रसंगात जी बाई बोलली नाही, ती काय म्हणाली असती, तेवढं एक वाक्य आपल्या पदरचं जोडा.