निदान लांबले त्याची किंमत

23 एप्रिल 2010 रोजी ग्रीसचे पंतप्रधान जॉर्ज पापांद्रेऊ कास्तेलोरिझो या बेटावर उभे राहून दूरचित्रवाणीवरून देशाशी बोलले. तुर्कस्तानचा किनारा समोर दिसावा इतके टोकाचे ते बेट, पाठीमागे निळे बंदर. बाजारात परवडणाऱ्या दराने कर्ज मिळेनासे झाले आहे, म्हणून ग्रीस युरोपीय भागीदारांकडे आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे मदत मागत आहे, असे त्यांनी जाहीर केले. पुढची आठ वर्षे त्या देशाने जे सोसले ते त्या दिवसापासून मोजले जाते. मला मात्र त्यानंतरच्या सोळा दिवसांविषयी बोलायचे आहे, कारण या संकटातला सर्वांत महाग निर्णय त्या सोळा दिवसांत झाला.

कर्जदार हात वर करतो तेव्हा त्याची अवस्था दोनांपैकी एक असते. पीक शेतात उभे आहे, पैसा सुगीनंतर येणार आहे, मधले चार महिने काढायचे आहेत, अशी एक. तिथे उसनवारीने भागते आणि देणाऱ्याचे पैसेही परत येतात. दुसरी अवस्था अशी की सगळी जमीन पिकली तरी व्याजसुद्धा फिटणार नाही. अशा माणसाला आणखी कर्ज दिले तर त्याच्या गळ्यातला फास फक्त आवळतो. त्याचे मूळ कर्जच कमी करावे लागते आणि ते देणाऱ्यांना आपला तोटा सोसावा लागतो. देशांचेही असेच आहे. यांतली कोणती अवस्था समोर आहे, हे निर्भीडपणे सांगणे हे नाणेनिधीचे पहिले काम. पैसे मोजणे त्यानंतरचे. ग्रीसच्या बाबतीत नाणेनिधीने हे वेळेवर सांगितले नाही, आणि सांगितले नाही याचे कारण तो धनकोंच्या पंगतीत बसला होता, असे माझे म्हणणे आहे.

हे काम नाणेनिधीला ठाऊक नव्हते असे नाही. अर्जेंटिनाच्या कडू अनुभवानंतर 2002 साली त्याने स्वतःवर नियम घालून घेतला होता: नेहमीच्या मर्यादेपेक्षा मोठे कर्ज द्यायचे तर त्या देशाचे कर्ज पेलण्याजोगे आहे, अशी दाट शक्यता दिसली पाहिजे. ग्रीसला हवी असलेली रक्कम त्याच्या नाणेनिधीतील कोट्याच्या 32 पट होती. 2009 मधली तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या 15 टक्क्यांवर गेली होती. युरो हे चलन असल्यामुळे अवमूल्यनाचा मार्गही बंद होता. भारताने जुलै 1991 मध्ये रुपयाची किंमत उतरवली आणि निर्यातीला श्वास मिळाला. अथेन्सच्या हाती तसे काहीच नव्हते. कर्ज पेलेल असे नाणेनिधीच्या तज्ज्ञांना छातीठोकपणे म्हणता येईना. अशा वेळी नियमाप्रमाणे कर्जाची फेररचना मागायला हवी होती. त्याऐवजी 9 मे 2010 रोजी, कर्ज मंजूर करतानाच, नियमाला एक अपवाद जोडला गेला: संकट इतर देशांत पसरण्याचा मोठा धोका असेल तर ही अट सोडता येईल. त्याच बैठकीत नाणेनिधीचे 30 अब्ज युरो मंजूर झाले. युरो देशांचे 80 अब्ज धरून एकूण 110 अब्ज.

त्या बैठकीत विरोधाचे सूर निघाले होते, आणि त्यांतला एक भारताचा होता हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नाही. ब्रेटन वुड्सला 1944 साली नाणेनिधीचा आराखडा ठरला तेव्हा भारतीय शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते. त्याच संस्थेच्या कार्यकारी मंडळावर 2010 मध्ये भारताचे संचालक होते अरविंद विरमाणी. चलनधोरणाचा आधार नसताना एवढी खर्चकपात केली तर अर्थव्यवस्थेला तो बोजा झेपणार नाही; किमती, रोजगार आणि महसूल एकामागोमाग घसरतील आणि शेवटी कार्यक्रमच कोसळेल, असा इशारा त्यांनी दिला. ब्राझीलचे पाउलो नोगेरा बातिस्ता यांनी आणखी थेट बोट ठेवले: ही सुटका ग्रीसची कमी आणि ग्रीसचे रोखे घेऊन बसलेल्या युरोपीय वित्तसंस्थांची जास्त ठरेल. दोघांचेही शब्द तंतोतंत खरे ठरले. त्या वेळी मंडळाच्या चोवीस जागांपैकी सुमारे एक-तृतीयांश युरोपकडे होत्या. संस्थेचा प्रमुख युरोपीयच असायचा, हा पायंडा पहिल्यापासूनचा; 2010 मध्ये दोमिनिक स्ट्रॉस-कान त्या पदावर होते आणि त्यांच्यामागून आलेल्या क्रिस्तीन लगार्द ग्रीसचा पहिला करार झाला तेव्हा फ्रान्सच्या अर्थमंत्री होत्या. यात कोणाच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. रचनाच अशी होती की युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि नाणेनिधी या त्रिकुटात ग्रीसचे कर्ज बुडीत आहे असे म्हणणे कोणालाच सोयीचे नव्हते. तसे म्हटले असते तर पॅरिस आणि फ्रँकफर्टच्या बँकांना आपल्या ताळेबंदात तोटा लिहावा लागला असता.

मग पैसा गेला कुठे? बर्लिनच्या ईएसएमटी या संस्थेतील अभ्यासकांनी 2016 मध्ये पहिल्या दोन कार्यक्रमांतल्या सुमारे 216 अब्ज युरोंचा हिशेब मांडला. ग्रीक सरकारच्या रोजच्या खर्चासाठी त्यातले पाच टक्केही उरले नव्हते. बाकीचे जुन्या कर्जाची परतफेड, व्याज आणि बँकांचे भांडवल यांत गेले. जुने कर्जही ग्रीसनेच काढले होते, तेव्हा त्याची परतफेड हा ग्रीसचाच फायदा, असे यावर म्हटले जाते. हिशेबापुरते ते बरोबर आहे. पण 2010 ते 2012 या दोन वर्षांत खासगी धनको सुटत गेले आणि त्यांच्या जागी युरोपचे करदाते व नाणेनिधी उभे राहिले. मार्च 2012 मध्ये अखेर फेररचना झाली, उरलेल्या खासगी रोख्यांच्या दर्शनी किमतीत 53.5 टक्के कपात झाली, तोवर ज्यांना निसटायचे ते निसटले होते. कपात सोसायला मागे राहिले त्यांत ग्रीसच्याच बँका आणि पेन्शन फंड होते.

या दोन वर्षांत घरोघरी काय झाले ते अर्थशास्त्राच्या तक्त्यांत मावत नाही. सप्टेंबर 2011 मध्ये सरकारने घरांवर नवा कर बसवला आणि तो विजेच्या बिलातून वसूल करायचे ठरवले. कर भरला नाही तर वीज तोडायची. लोकांनी या कराला ‘हरात्सी’ म्हटले. तुर्की अमलात मुसलमानेतर प्रजेकडून वसूल होणाऱ्या कराचे हे नाव, आणि आपल्या मध्ययुगीन इतिहासात भेटणारा ‘खराज’ हा शब्दही त्याच अरबी मुळातला. विजेच्या बिलावर छापून आलेल्या एका आकड्यात लोकांना परकी सत्ता दिसली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये घर गरम ठेवण्याच्या तेलावरचा कर डिझेलच्या बरोबरीला नेला. हेतू महसूल वाढवण्याचा, पण तेलाची मागणीच कोसळली. माणसे शेगडीत लाकूड, जुने फर्निचर, मिळेल ते जाळू लागली आणि 2012-13 च्या हिवाळ्यात संध्याकाळ झाली की अथेन्सवर धुराचा थर साचू लागला. कर वाढवला की उत्पन्न वाढते हे गृहीतक कुठे मोडते, ते त्या धुराइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

ते गृहीतक अपघाताने आलेले नव्हते. सरकारने खर्चात एक युरो कपात केली तर अर्थव्यवस्था साधारण अर्ध्या युरोने आक्रसेल, असे त्या काळच्या अंदाजांत धरले जात होते. जानेवारी 2013 मध्ये नाणेनिधीचेच मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार आणि डॅनियल ली यांनी दाखवून दिले की संकटाच्या सुरुवातीच्या वर्षांत प्रत्यक्षातला आकडा 0.9 ते 1.7 च्या दरम्यान असावा. त्याच वर्षी जूनमध्ये नाणेनिधीने पहिल्या कार्यक्रमाचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. 2009 ते 2012 मध्ये उत्पन्न 5.5 टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता, घटले 17 टक्के. बेकारी 15 टक्के होईल असे धरले होते, झाली 25. छेद आक्रसला की गुणोत्तर फुगते. म्हणून एवढी काटकसर करूनही उत्पन्नाच्या तुलनेत कर्ज वाढतच गेले. फेररचना आधी झाली असती तर बरे झाले असते, विलंबाने खासगी धनकोंना बाहेर पडायला वाव मिळाला, हेही त्या अहवालात लिहिले आहे. युरोपीय आयोगाने ही टीका फेटाळली. चूक कागदावर कबूल करण्याचे धैर्य त्रिकुटात एकट्या नाणेनिधीने दाखवले, आणि त्याबद्दल मला त्याच्याविषयी आदर आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप सर्वांत सबळ आहे: ग्रीसने आकडे लपवले, कर बुडवू दिले, व्याज वगळूनही तूट दहा टक्क्यांच्या घरात नेली, मदत नसती तर एका रात्रीत याहून क्रूर कपात करावी लागली असती. हे सगळे मी मान्य करतो. ग्रीक राज्यकर्त्यांच्या पापांवर पांघरूण घालण्याची मला इच्छा नाही. पण कर्जव्यवहारात दोन बाजू असतात. जर्मनीला देत जवळजवळ त्याच व्याजाने ग्रीसला वर्षानुवर्षे कर्ज देणाऱ्यांनी जोखीम पाहिली नाही, तर तोट्यात त्यांचाही वाटा हवा. शिवाय कर्जकपात आणि काटकसर यांत एकच निवडायचे होते असे नाही. कपात आधी झाली असती तर काटकसर सौम्य ठेवता आली असती.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. लेहमन ब्रदर्स बुडून दोन वर्षेही झाली नव्हती, आणि युरोपकडे संकटनिवारणाचा निधी नव्हता. तो उभारण्याचा निर्णय त्याच मे महिन्यातला. ग्रीसचे रोखे बुडाले असते तर आग स्पेन-इटलीपर्यंत गेली असती. भीती खरी होती. पण आगीपासून वाचले संबंध युरोप, आणि पाण्याचे पैसे भरले ग्रीसने. दुसऱ्याच्या सुरक्षेसाठी ज्याच्यावर बोजा टाकला त्याला भरपाई मिळायला हवी होती. प्रत्यक्षात मिळाले ते आणखी कर्ज. आणि आग थांबलीच नाही: नोव्हेंबर 2010 मध्ये आयर्लंड, मे 2011 मध्ये पोर्तुगाल.

त्या दोन देशांनी हेच औषध घेतले आणि ते बरे झाले, हा तिसरा आक्षेप. आयर्लंडकडे निर्यातीचा भक्कम पाया होता. ग्रीसकडे तो नव्हता. पण आयर्लंडची कथाही माझ्या म्हणण्याच्या बाजूनेच बोलते. बुडालेल्या आयरिश बँकांच्या बड्या रोखेधारकांनी तोटा वाटून घ्यावा, या मताचे लोक नाणेनिधीच्या चमूत होते. चमूचे प्रमुख होते भारतीय वंशाचे अजय चोप्रा. युरोपीय मध्यवर्ती बँकेने ते होऊ दिले नाही, आणि बोजा आयरिश करदात्यांवर गेला. म्हणजे निदान बरोबर होते, ते लागू करण्याचा अधिकार नव्हता. युरोबाहेरच्या आइसलंडमध्ये याच नाणेनिधीने 2008 मध्ये भांडवलावर नियंत्रणे ठेवायला मान्यता दिली आणि परदेशी धनकोंना तोटा सोसावा लागला. संस्था तीच, शेजारी बसलेले भागीदार नव्हते.

धनकोंनी तोटा वाटून घ्यावा, हा धडा युरोपला नवा नव्हता. 1897 च्या युद्धात ग्रीस हरल्यावर धनको राष्ट्रांनी अथेन्समध्ये आंतरराष्ट्रीय वित्त आयोग बसवला आणि मीठ, रॉकेल, काड्यापेट्या, पत्ते यांचे उत्पन्न आणि पिरेयसची जकात आपल्या ताब्यात घेतली. उलट फेब्रुवारी 1953 च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचे कर्ज जवळपास निम्मे माफ झाले आणि उरलेल्याची फेड तिच्या निर्यातक्षमतेशी जोडली गेली. सवलत देणाऱ्यांच्या सह्यांत ग्रीसचीही सही आहे.

ग्रीसचे कर्ज पेलण्याजोगे नाही, हे नाणेनिधीने उघडपणे सांगितले ते 2 जुलै 2015 रोजी. तोवर बँका बंद होत्या, एटीएममधून दिवसाला 60 युरो मिळत होते, 30 जूनचा नाणेनिधीचा हप्ता थकला होता आणि धनकोंच्या अटींवरचे सार्वमत तीन दिवसांवर आले होते. 61 टक्के लोकांनी अटी नाकारल्या. आठवड्याभरात सरकारने त्याहून कडक अटी स्वीकारल्या. 86 अब्ज युरोंच्या त्या तिसऱ्या कार्यक्रमात नाणेनिधीने पैसे घातले नाहीत, कारण कर्जसवलतीची त्याची मागणी मान्य झाली नव्हती. 2010 चा अपवाद जानेवारी 2016 मध्ये रद्द झाला. जून 2018 मध्ये युरो देशांनी मुद्दल कमी केले नाही, पण जुन्या कर्जाच्या मुदती आणखी दहा वर्षांनी वाढवल्या. कास्तेलोरिझोवरून मागितलेल्या मदतीमागून आलेल्या या कर्जांचा शेवटचा हप्ता आता 2070 मध्ये फिटायचा आहे.