तान्ह्याचे रडणे आणि उपचाराचे श्रेय

दीड-दोन महिन्यांचे बाळ. दूध नीट पिते, वजन वाढते, ताप नाही. तरी रोज दिवेलागणीला पाय पोटाशी घेऊन, मुठी आवळून, तासन् तास कळवळून रडते. डॉक्टर तपासतात आणि सांगतात, कॉलिक आहे, जाईल आपोआप. हे ‘आपोआप’ आईबापांना पटत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. डेन्मार्क, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांत असे अनेक पालक कायरोप्रॅक्टरचे दार गाठतात. तो बाळाच्या पाठीच्या कण्यावर बोटांनी हलका दाब देतो, काही भेटींत रडणे कमी होते आणि पालक धन्यवाद देत घरी जातात. त्यांच्या अनुभवावर मी शंका घेत नाही, बाळ खरोखरच शांत झालेले असते. प्रश्न श्रेयाचा आहे. जी तक्रार वेळेनुसार ओसरतेच, तिच्याबाबत ‘उपचारानंतर बरे वाटले’ हा पुरावा होऊ शकत नाही. उपचार केला नसता तर काय झाले असते, हे ज्याने मोजले त्याचाच पुरावा ग्राह्य धरायला हवा.

रडण्याचा क्रम आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. १९५४ साली मॉरिस वेसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलिकची जी व्याख्या केली, ती आजही सांगितली जाते: दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यात तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडणे. १९६२ साली बेरी ब्रेझल्टन यांनी निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी मांडल्या. त्यांत रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त, म्हणजे दिवसाला पावणेतीन तासांच्या घरात होते आणि तिथून पुढे उतरत गेले. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेक बाळांचा हा त्रास संपतो. आता पालक उपचाराला कधी धावतात ते पाहा. सहन होईनासे झाले की, म्हणजे नेमके शिखराच्या आसपास. त्यानंतर काहीही केले तरी आलेख खालीच येणार. आपल्याकडे हिंगाचा लेप, बाळगुटी, ग्राइप वॉटर, दृष्ट काढणे या सगळ्यांना पिढ्यान् पिढ्या जे यश मिळाले, त्यातला मोठा वाटा या उताराचा आहे. कायरोप्रॅक्टिकला मी वेगळी मोजपट्टी लावत नाही, एवढेच.

शिवाय बाळ स्वतः रडण्याची नोंद ठेवत नाही, ती आई किंवा बाप ठेवतात. बाळाला उपचार झाल्याचे कळत नाही, म्हणून इथे मनाच्या समजुतीचा परिणाम संभवत नाही, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो अपुरा आहे, कारण समजूत नोंद करणाऱ्याची असते. आशेने उपचार करून आणलेल्या बाळाचे वीस मिनिटांचे कुरकुरणे त्या दिवशी रडण्यात धरले जात नाही. आईबाप निर्धास्त झाले की त्यांचे बाळाला घेणेही सैल, संथ होते. म्हणून या विषयातल्या चाचण्यांत एक गोष्ट निर्णायक ठरते: उपचार कोणाला झाला हे पालकांपासून लपवले होते की नाही.

१९९९ सालच्या डॅनिश चाचणीत ते लपवलेले नव्हते. एका गटाला मणक्याचा उपचार मिळाला, दुसऱ्याला डायमेथिकोन या पोटातल्या वायूवरच्या औषधाचे थेंब. मणक्याच्या गटात आठव्या ते अकराव्या दिवसांत रडणे २.७ तासांनी घटले, थेंबांच्या गटात तासाभराने. चाचणी मध्येच सोडून गेलेली बाळे मात्र सगळी थेंबांच्या गटातली होती. दोन वर्षांनी, २००१ मध्ये, नॉर्वेतल्या संशोधकांनी ८६ बाळांवर याच उपचाराची चाचणी पालकांना अंधारात ठेवून केली. सुमारे अर्ध्या बाळांना कायरोप्रॅक्टरने हाताळले, उरलेल्यांना परिचारिकेने तेवढा वेळ नुसते धरून ठेवले. उपचाराच्या गटात ४६ पैकी ३२ बाळे सुधारली, दुसऱ्या गटात ४० पैकी २४. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका कमी आहे, आणि नुसते धरलेल्या बाळांतही दहातली सहा सुधारली हे विसरता येत नाही. अशा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ सालच्या आढाव्यात सहा चाचण्या आणि ३२५ बाळे होती. सगळ्या चाचण्या एकत्र धरल्या तर रडणे सरासरी १ तास १२ मिनिटांनी कमी झालेले दिसले. ज्यांत पालकांना माहीत नव्हते तेवढ्याच चाचण्या घेतल्यावर ही घट अर्ध्या तासाच्या आसपास आली, आणि तीही खात्रीची राहिली नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप २०२१ सालच्या डॅनिश चाचणीचा आधार घेऊन करता येतो. तिथे १८५ बाळांची नोंद पूर्ण झाली आणि पालकांना गट ठाऊक नव्हता. उपचाराच्या गटात रडणे दीड तासाने, दुसऱ्या गटात एक तासाने घटले. तासाभराची घट झालेली बाळे एकीकडे ६३ टक्के, दुसरीकडे ४७ टक्के. ‘मग काहीतरी फायदा आहेच की!’ असे कोणी म्हणाले तर त्याला हसून टाळू नये. मात्र मुळातले रडणे, वय आणि दवाखाना यांचा हिशेब धरल्यावर मुख्य निष्कर्षातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही, आणि दुय्यम निकषांपैकी कशावरही परिणाम दिसला नाही. आजच्या घडीला या उपचाराच्या बाजूने सांगता येईल ते इतकेच: कदाचित दिवसाला अर्धा तास, तोही निश्चित नाही.

उपचारामागची कल्पनाही या अर्ध्या तासाला टेकू देत नाही. डी. डी. पामर यांनी १८९५ साली अमेरिकेत आयोवातल्या डेव्हनपोर्ट इथे हा पंथ सुरू केला, तो मणके किंचित सरकल्याने रोग होतात या समजुतीवर. ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टरांचे नियमन करणाऱ्या परिषदेनेच २०१० साली स्पष्ट केले की, ही कल्पना ऐतिहासिक आहे, ती रोगाचे कारण असल्याला पुरावा नाही.

दुसरा आक्षेप निरुपद्रवीपणाचा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१९ साली या प्रश्नाचा आढावा घेतला, तेव्हा लहान मुलांना गंभीर इजा झाल्याचे फारसे आढळले नाही आणि फायद्याचा पुरावाही अत्यंत दुबळा निघाला. हलक्या दाबाने हाड मोडत नाही, हे मान्य. धोका दुसरीकडे आहे. टोरांटोतल्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात रडण्यासाठी आणलेल्या, ताप नसलेल्या २३७ बाळांपैकी सुमारे ५ टक्क्यांत गंभीर कारण सापडले, त्यात मूत्रमार्गाचा संसर्ग ठळक होता. हिरवी उलटी, शौचातून रक्त, वजन न वाढणे, ताप, मलूलपणा यांपैकी काहीही असेल तर तिथे मणका चाचपण्यात वेळ घालवणे परवडणारे नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत माणुसकीचा वाटतो: पालकांना धीर मिळतो, तो का हिरावून घ्यायचा? धीर हवाच. थकलेल्या, चिडलेल्या माणसाच्या हातून बाळ गदागदा हलवले जाण्याचा धोका याच आठवड्यांत असतो, आणि त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पण नॉर्वेच्या चाचणीत तो धीर परिचारिकेच्या हातांनीही दिलाच होता. रडणे कधी वाढेल, कधी उतरेल हे आधीच सांगणे, बाळाला कोणीतरी तासभर घेणे, आईला झोपू देणे, आणि अगदीच असह्य झाले तर बाळाला सुरक्षित निजवून दहा मिनिटे बाजूला होण्याची मोकळीक देणे, यासाठी मणका सरकल्याची गोष्ट रचावी लागत नाही. खोट्या कारणावर उभा असलेला धीर पुढच्या दुखण्यालाही तेच कारण शोधायला शिकवतो.

म्हणून आग्रह एवढाच. उपचार देणाऱ्याने, मग तो कायरोप्रॅक्टर असो, वैद्य असो की बालरोगतज्ज्ञ, पहिल्याच भेटीत सांगावे की हे रडणे काही आठवड्यांत बहुधा आपले आपण थांबेल, आणि मग आपल्या उपचाराची किंमत सांगावी. एवढे ऐकूनही ज्याला पैसे मोजावेसे वाटतील त्याने खुशाल मोजावेत. मात्र बाळ शांत झाल्याचे श्रेय कोणाच्या खाती टाकायचे, हे त्याला तेव्हा ठाऊक असेल.