ओट्यावरची शाळा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



२००८ साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक अभ्यासक्रम घेतला. फी भरलेले विद्यार्थी २५. इंटरनेटवरून फुकट सामील झालेले सुमारे २२००. ज्ञान माणसामाणसांतल्या जोडण्यांत असतं, हे त्यांचं म्हणणं.

२०२० मध्ये मी मोबाइलवरून शिकवत होते. एका मुलाकडे फोनच नव्हता. मी रोज त्याची गैरहजेरी मांडली. शाळा उघडल्यावर वही पाहिली, तर सगळे धडे पूर्ण! शेजारची मैत्रीण संध्याकाळी ओट्यावर बसून त्याला शिकवायची. ती जोडणी मला दिसलीच नव्हती.

आपणही गणितं एकमेकांच्या वह्यांतूनच शिकलो. आज जे आले नाहीत, त्यांची नुसती गैरहजेरी मांडू नका. शोधा त्यांना.